राहिलेला नारळ

सौदीतल्या अबकैकच्या तेल प्लांटमधला मालवणी फिटर गुणाजी कंपनीच्या ट्रेनिंगसाठी जपानला गेला, तो पिशवीत नारळ घेऊनच. तिथे समुद्रकाठी जपान्यांचं शेकडो वर्षांचं शिंतो देऊळ होतं. लोक येत, दोन टाळ्या वाजवत आणि वाकून मुकाट निघून जात. असल्या पुळचट भक्तीने देव जागा होतो होय? गुणाजीने गावच्या रिवाजाप्रमाणे प्लांटमधल्या आपल्या गाववाल्या हेल्परसाठी, पंकजसाठी, खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, आमच्या पंकजाक रोज मारणाऱ्या त्या फोरमनाचो हात मोडून टाक रे महाराजा!"

पण गाऱ्हाण्याला साथ देत "व्हय महाराजा" म्हणायला मागे कुणी नव्हतं. पायरीवर नारळ फोडणार, तोच पुजाऱ्याने त्याचा हात धरला. गाऱ्हाणं अर्धंच राहिलं.

तो प्लांटवर परतला त्याच दिवशी फोरमनने पंकजच्या तोंडावर पाना हाणला. दोन दात पडले. गुणाजीचं टाळकं सटकलं. त्याने फोरमनचं मनगट धरलं आणि पायरीवर नारळ आपटावा तसं लोखंडी पाइपवर आपटलं. हाड कटकन मोडलं.

"घे रे महाराजा, तुजो रवलेलो नारळ!" गुणाजी ओरडला.

तोंडातलं रक्त थुंकून पंकज म्हणाला, "व्हय महाराजा!"