भुस्कटाचं रेडकू

माझ्या भाड्याच्या खोलीला दोन दारं होती. एक गल्लीत उघडायचं, दुसरं थेट गोठ्यात. गल्लीतलं दार मी शाळेला जाता-येता तेवढं वापरायची. गोठ्यातल्या दारात मात्र रोज संध्याकाळी पाट टाकून बसायची. त्या गावात माझ्याकडं सरळ बघणारे डोळे तेवढे त्या गोठ्यातल्या म्हशीचे होते.

गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णेकाठचं. मी तिथल्या शाळेत शिक्षिका, नवरा फौजेत, तेव्हा आसामच्या बाजूला. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याला, माहेरी, माझं बाळंतपण झालं. मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच गेली. त्यामुळं तिला नावच नाही. वडील आणि काका तिला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले. कुठं पुरलं ते मला सांगितलं नाही आणि विचारायची माझीही छाती झाली नाही. मी दवाखान्यातून घरी येईपर्यंत आईनं झबली-टोपडी कुणाकुणाला देऊन टाकली होती. डॉक्टरांनी दूध आटवायच्या गोळ्या दिल्या, आईनं वरून छातीला जुन्या लुगड्याचा धडपा आवळून बांधला. ‘विसर आता, तरणी आहेस, होईल दुसरं,’ असं जो तो म्हणत होता. हे सगळं मायेपोटी चाललं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण ती माया मला त्या धडप्यासारखी काचत होती.

रजा शिल्लक होती तरी शाळा उघडल्याबरोबर मी गावी हजर झाले. वाटलं, तिथं तरी कुणी विचारील. जाताना मी पोट घेऊन गेले होते आणि येताना रिकामी आले, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. पण विचारलं कुणीच नाही. हेडमास्तरांनी दुसरीचा वर्ग दिला, सोबतच्या बाईंनी सुट्टीत पाणी किती कमी येतं ते सांगितलं. माझी मुलगी जणू झालीच नव्हती. मला फार काही नको होतं. ती कशी होती, एवढं कुणीतरी एकदा विचारावं, एवढंच हवं होतं.

उलट मी गल्लीतून चालले की ओट्यावर बसलेल्या बाया मांडीवरच्या पोरावर पदर ओढायच्या. ज्या बाईचं मूल गेलं तिची नजर वाईट, हा तिकडचा हिशेब. त्यांच्यात दुष्टावा होता असं म्हणवत नाही. त्यांतलीच एखादी नंतर शेवग्याच्या शेंगा आणून दारात ठेवायची. मला मात्र त्या शेंगांचाही राग यायचा आणि मी त्या शिजवून खायचीही.

घरमालकीण म्हणजे आत्ती. सगळं गावच तिला आत्ती म्हणायचं. साठीची विधवा, काटक, तोंडानं फटकळ. एक मुलगा आणि पोटुशी सून, एवढंच घर. श्रावणात सुनेचं डोहाळजेवण झालं. माझ्या भिंतीपलीकडं बायका गाणी म्हणत होत्या, हसत होत्या, आणि मी भिंतीला पाठ लावून वह्या तपासत होते. मला बोलावणं नव्हतं. पंगत उठल्यावर आत्तीनं पुरणपोळीचं ताट वर ताट झाकून आणून दिलं. ‘बाई, गरम हाय तवर खावा,’ म्हणाली आणि माझ्याकडं न बघता गेली. मी ते ताट तसंच ठेवलं, मग मुंग्या लागल्या म्हणून म्हशीला घातलं. तिनं एका घासात संपवलं आणि आणखी काही आहे का म्हणून माझ्या हाताचा वास घेतला.

सून बाळंतपणाला माहेरी आटपाडीकडं गेली. इकडं नवरात्रात म्हैस व्याली आणि आठवड्याभरात रेडकू मेलं. म्हैस दोन दिवस हंबरत राहिली. कासेला हात लावू देईना. दूध चढवून धरायची, चरवी लाथेनं उडवायची. शेजारचे एक जण सुई घेऊन आले. तेव्हा दुकानात पान्ह्याचं इंजेक्शन सहज मिळायचं. टोचलं की म्हैस मनात असो-नसो पान्हा सोडते.

आत्तीनं त्यांना दारातूनच वाटेला लावलं. ‘आवं, सुईनं दूध यील. पर तिला काय वाटत आसंल त्याचं काय?’

मुलगा म्हणाला, ‘म्हशीला काय वाटायचंय, आई?’

‘तुला वाटतंय तेवढं तरी वाटत आसंल की रं.’

तिनं जुनी रीत धरली. रेडकाचं कातडं आधीच सोलून घेतलेलं होतं. ते तालुक्याच्या गावच्या चांभाराकडून मीठ लावून वाळवून आणलं, आत भुस्कट भरून शिवलं, बांबूच्या चार कामट्यांचे पाय केले. संध्याकाळी ते म्हशीच्या तोंडापुढं उभं केलं आणि त्याच्या पाठीवर चिमूटभर मीठ भुरभुरलं. मी माझ्या दारात बसून बघत होते. डोळ्यांच्या जागी दोन टाके, मान वाकडी, पोट उशीसारखं. दुसरीतल्या पोरांनी मातीचं केलं असतं तर याहून बरं झालं असतं. म्हशीनं वास घेतला. आधी फुरफुरली, मागं सरली. मग पुन्हा पुढं आली आणि त्याचा कान चाटायला लागली. चाटत राहिली. आत्ती खाली बसली, कासेवर पाणी मारलं, आणि थोड्या वेळानं चरवीत धार वाजायला लागली.

मी उठून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. एवढं क्रूर माणसालाच सुचतं, असं वाटलं. तिचंच मेलेलं लेकरू सोलायचं, त्यात कचरा भरायचा, आणि ते पुढं धरून तिच्याकडून दूध काढून घ्यायचं. जनावराला असलं कधी सुचलं असतं का?

दुसऱ्या दिवशी मी बोलून दाखवलं. ‘आत्ती, ही फसवणूक आहे.’

आत्ती भुस्कटाच्या रेडकाला फडक्यानं झटकत होती. उंदरांनी कुरतडू नये म्हणून धार झाली की ते खुंटीला टांगून ठेवायची. ‘व्हय, हाय की,’ ती म्हणाली. ‘पर बाई, तिला चाटायला काय तरी नगं व्हय? गेलं ते गेलं. जिभंला कुटं कळतंय?’

शाळेत मुलांना उत्तर येत नसलं की मी छडी आपटते. इथं मी नुसती शाळेची पिशवी उचलली आणि निघाले.

एक मात्र झालं, मी रोज बघायला लागले. चाटून चाटून त्या रेडकाच्या डाव्या कानावरचे केस पार गेले, कातडं उघडं पडलं. म्हैस फसली होती असं मला आता वाटेना. भुस्कटाला वास भुस्कटाचाच येतो, आणि म्हशीला काही पडसं झालेलं नव्हतं. तरी ती चाटायची. मी गोठ्याच्या दारात बसून तिचा हेवा करायची. हे लिहायला चमत्कारिक वाटतं, पण खरं आहे. माझं होतं ते सगळं आईनं एका दुपारी वाटून टाकलं होतं. एखादं टोपडं मागं राहिलं असतं तरी मी त्याचा वास घेत बसले असते.

मार्गशीर्षात गल्लीतल्या एकाची म्हैस साप चावून मेली. मागं कोवळं रेडकू राहिलं. त्यांनी ते आत्तीकडं आणलं. हिचं रेडकू गेलंय, त्याची आई गेलीय, दोघांची सोय होईल, असा साधा सरळ विचार. मलाही तो पटला, आनंदच झाला म्हणायला हरकत नाही. ते लटपटत कासेकडं गेलं आणि म्हशीनं अशी लाथ हाणली की ते गव्हाणीवर जाऊन आदळलं. उठलं, परत गेलं. परत लाथ. तिसऱ्या वेळी तिनं शिंगंच खाली केली. जिवंत, भुकेलं लेकरू पुढ्यात तडफडत होतं आणि ही बया मान वळवून खुंटीवरच्या भुस्कटाकडं बघत होती.

मुलानं काठी उचलली. ‘लय माजलीय ही!’

‘ठेव ती खाली,’ आत्ती म्हणाली. ‘तिला तिचं पायजे. त्येच्यात तिचा काय गुन्हा?’

आत्तीनं त्या पोरक्या रेडकाला बाटलीनं दूध पाजून जगवलं. दूध त्याच म्हशीचं. मी मात्र त्या दिवसापासून म्हशीवर रुसले. इतके दिवस वाटत होतं की क्रूर असतात ती माणसं, आणि मुकं जनावर बिचारं गरीब. आता ते गणित जमेना. तो कान चाटणारी जीभ आणि ही लाथ एकाच जनावराची होती.

संक्रांत झाल्यावर सून बाळ घेऊन परत आली. मुलगा, गोरा, गुटगुटीत. आता गल्लीतलंच नव्हे तर गोठ्यातलंही दार मला जपून उघडावं लागे. मी गोठ्याच्या दारात दिसले की सून बाळाला पदराआड घ्यायची. तिला वाईट वाटायचं, तिच्या तोंडावर ते दिसायचं, आणि तरी घ्यायची. मग मीच संध्याकाळी दार लावून बसायला लागले. स्टोव्हचा आवाज आणि रेडिओवरचे बाजारभाव, एवढीच सोबत. त्या दिवसांत मला स्वतःचा आवाज ऐकून दचकायला व्हायचं.

एका संध्याकाळी सून पाण्याला गेली होती. आत्ती धारेला बसली होती आणि बाळ तिच्या मागं वाकळेवर निजवलेलं. ते उठलं आणि रडायला लागलं. थांबेल म्हणून मी वाट बघितली. थांबेना. शेवटी आत्तीनंच हाक मारली, ‘बाई, दार उघडा की! पान्हा सोडलाय हिनं, आता उटता यीना मला. घ्या की त्येला जरा.’

मी दार उघडलं. बाळ उचललं. ते जड होतं, गरम होतं, अंगाला तेलाचा आणि दुधाचा वास होता. त्यानं माझ्या छातीला तोंड लावलं, पोरं लावतात तसं. मी त्याला परत वाकळेवर ठेवलं, जवळजवळ टाकलंच. ‘हे नाही,’ मी मोठ्यानं म्हणाले. ‘मला हे नको.’

तेवढ्यात सून घागर घेऊन आत आली. तिनं मला बघितलं, बाळाला बघितलं, घागर तिथंच ठेवून त्याला उचललं आणि घरात गेली. आता उद्या खोली सोडावी लागणार, असं माझ्या मनात आलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

आत्तीनं मागं वळून बघितलं नाही. चरवीतली धार थांबली नाही. म्हैस आपली चाटतच होती.

‘लाथ तर न्हाई मारली न्हवं,’ आत्ती म्हणाली. ‘हिच्यापरीस तुमी बऱ्या.’

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. ते कित्येक महिन्यांचं साठलेलं होतं, थांबायला वेळ लागला. आत्ती दूध काढत राहिली. मग तिनं एक सड सोडून दुसरा धरला आणि विचारलं. त्या गावात सगळे मला बाई म्हणायचे, अहोजाहो करायचे, तीही करायची. त्या वेळी नाही केलं.

‘तुजं कसं हुतं गं?’

आत्तीला घाई नव्हती. कास अजून निम्मीच झाली होती.

‘मुलगी होती,’ मी म्हणाले. ‘सावळी होती. केस होते पुष्कळ. रडायची नाही फारशी. आणि डाव्या कानाची पाळी अशी आत दुमडलेली होती.’

‘कान कुनावर गेलता?’

‘माझ्यावर,’ मी म्हणाले, आणि केस मागं सारून आत्तीला माझा कान दाखवला.