दोन कार्डांमधला उन्हाळा

संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलं, की अंगाला आधी लागते ती वैदेहीच्या संगणकातून येणारी ऊन झुळूक. सोलापूरचा वैशाख बाहेर कमी पडतो की काय, म्हणून हा आणखी एक घरातला! पण खरं सांगू? त्या संथ, उष्ण घरघरीवर माझी माया जडली आहे. पोरगी घरात आहे, हे ती मला जिन्यातच सांगते.

वैदेही माझी लेक. न बांधलेल्या घरांची चित्रं करणं हा तिचा व्यवसाय. पाया खणण्याआधीच त्या घराच्या खिडकीतून सकाळचं ऊन कसं उतरेल आणि फरशीवर कसं सांडेल, हे ती पडद्यावर साक्षात उभं करते. प्रकाशाचं हे सगळं गणित ग्राफिक्स कार्ड सोडवतं, आणि तिचं कार्ड आता थकलं आहे. एका चित्राला अख्खी दुपार घेतं. म्हणून मीच म्हटलं, नवं घेऊ, चांगलं भारीतलं घेऊ, पैसे मी देते. या औदार्यात माझा स्वार्थ होता, लपवू कशाला! कार्ड इथं आलं की काम इथं होईल, आणि काम इथं झालं की लेक इथं राहील. आमच्या घरात माणसंच मुळी दोन.

मग तुलनेचा सोहळा सुरू झाला. एक कार्ड सर्वांत वरचं, दुसरं त्याच्या खालोखालचं. वरच्याची किंमत जवळजवळ दुप्पट, वेग मात्र फार तर सव्वापट. मी आयुष्यभर चादरी विकलेली बाई. वीण कशी, वजन किती, रंग पक्का का आणि या भावाला परवडते का, एवढे चार प्रश्न मला कुठंही पुरतात. पण इथं मी रोज नवे काढू लागले. आपल्या उन्हात ते तापेल का? वीज किती खाईल? संगणकाच्या या पेटीत मावेल तरी का? मेमरी जास्त म्हणजे नेमकं काय जास्त? वैदेहीही न कंटाळता उत्तरं शोधायची आणि तक्त्यात एकेक रकाना वाढवायची. चहा निवून जायचा. शाळा सुटल्यापासून ती माझ्या इतक्या जवळ बसली नव्हती. किती सुंदर होत्या त्या संध्याकाळी!

पण धंद्यातली नजर घरी आली म्हणून मिटते थोडीच? ज्याला चादर घ्यायचीच असते, ते गिऱ्हाईक दोन बघतं आणि एक उचलतं. जे पंधरा घड्या मोडायला लावतं, त्याच्या मनात काही वेगळंच असतं. संकोचापोटी उठवत नाही, म्हणून बिचारं भाव विचारत बसतं. काल वैदेहीने तक्त्यात आणखी एक रकाना उघडला, पंख्यांच्या आवाजाचा. तिच्या चेहऱ्यावर मला हुबेहूब ते अवघडलेलं गिऱ्हाईक दिसलं.

मी तक्ता बंद करायला लावला. म्हटलं, "कार्ड राहू दे, वैदू. तुला कुठं जायचंय का?"

ती टेबलावर बोटाने रेघा ओढू लागली. मग सगळं सांगितलं. पुण्याच्या एका स्टुडिओने बोलावून महिना झाला होता. तिथं यंत्रं त्यांचीच, शिकवायला जाणती माणसं. ती मला सांगणार, तेवढ्यात मी कार्डाचं काढलं, आणि मग तिचं धाडसच होईना.

"तू एवढ्या हौसेनं विचारत होतीस की गं," ती म्हणाली. "नाहीतर खालचंच बरं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

आणि मला कळलं नव्हतं होय? दुप्पट दाम मोजून सव्वापट माल सोलापूरची कुठली बाई घेईल! पण निवड झाली असती, तर ती खुर्चीवरून उठली असती. म्हणून मी प्रश्नांच्या घड्या मोडत राहिले, आणि माझं मन मोडायला नको म्हणून ती उत्तरं देत राहिली. मायेला आपल्या माणसाला बसवून ठेवण्याची केवढी युक्ती सुचते, आणि त्यात त्याची वाट अडते आहे हे किती उशिरा दिसतं!

मी तिला जा म्हटलं. म्हणताना रडू आलं, तिलाही आलं. मग डोळे पुसून ती उठली आणि बॅगेत काय काय न्यायचं ते बघायला आतल्या खोलीत गेली. मी तिथंच बसून होते. खालच्या कार्डाबद्दल एक प्रश्न अजून सुचला होता. विचारला नाही.