रविवारचं पापलेट आणि फुकटची बालदी

मी रत्नागिरीकडची. लग्न करून विरारला आले. अर्नाळ्याचा समुद्र जवळ आहे, पोरीला मासळीची ददात पडणार नाही, एवढ्यावरच माझ्या बापाने ह्या स्थळाला होकार दिला असा माझा आजही समज आहे. तेव्हापासून आमच्या घरात रविवारी पापलेट. नवऱ्याच्या पगारात ते बसवलं, मुलाच्या शिक्षणात बसवलं. नवरा गेल्यावरही, पहिला महिना सोडला तर, मोडलं नाही. आणि यंदा होळीच्या आधी एका रात्री मुलगा ताटावरून डोकं न उचलता म्हणाला, "आई, घराचा हप्ता वाढलाय. पापलेट आता परवडत नाही. रविवारी अंडाकरी करत जाऊ."

अंडाकरी!

मी हातातला घास खाली ठेवला. "पापलेटाला हात लावायचा नाही. त्याचे पैसे मी ह्याच घरातून काढून दाखवते."

"कुठून काढणार?"

"तुम्ही दोघं जिथे सांडता तिथून."

"बरं. एक महिना दिला. चार रविवारच्या मासळीचे पैसे सुटले तर पापलेट कायम. नाही सुटले तर अंडाकरी, आणि तू कुरकुर करायची नाहीस."

सून एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. ती पंच झाली आणि तिथल्या तिथे अटी घातल्या. खाण्यापिण्यात काटछाट चालणार नाही, नाहीतर आई आपल्याला बिनतेलाची भाजी घालतील. घरातल्या वस्तू आहेत तशाच वापरायच्या. "आणि आई, स्वस्त आणायला गेलात तर जायच्या-यायच्या रिक्षाचे पैसेही धरायचे." हे शेवटचं तिने ओठ दाबून, हसू आवरत सांगितलं. तिला केळ्यांची गोष्ट माहीत होती. कुणी सांगितली? मीच, दुसरं कोण!

तीही सांगून टाकते. नवीन लग्न झालं तेव्हा मी फार हुशार होते. म्हणजे माझ्या मते. वसईच्या बाजारात केळी डझनामागे स्वस्त मिळतात असं शेजारणीकडून कळलं. मी एसटीने वसईला गेले. तिथे गेल्यावर लक्षात आलं की डझनाने घेण्यापेक्षा अख्खा घड घेतला तर आणखी स्वस्त. घेतला. दोनच माणसांचं घर, आणि घड माझ्या कमरेएवढा. परतीच्या एसटीत कंडक्टरने घडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घडाचं वेगळं तिकीट फाडलं. "अहो, केळ्यांचं कसलं तिकीट?" तर म्हणाला, "वहिनी, तुम्ही उभ्या आहात, ती बसलीयत." पुढे सगळी केळी एकाच दिवशी पिकली. आम्ही शिकरण खाल्लं, केळ्याची भजी खाल्ली, केळ्याचा हलवा खाल्ला. आमचे हे मुकाट्याने खात होते. मग एका सकाळी उरलेल्या केळ्यांची पिशवी ऑफिसात घेऊन निघाले आणि दारात चपला घालताना एवढंच म्हणाले, "स्वस्त पडली हो."

तर अशी मी. ती बाई अजून माझ्यात आहे. मरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागले. आम्हाला किराणा घ्यायला चार ठिकाणं. सुनेच्या फोनमधलं दुकान, जे दहा मिनिटांत पिशवी दारात आणून देतं. स्टेशनच्या वाटेवरचं मोठं एसीचं दुकान. तसंच दुसरं, हायवेच्या बाजूला. आणि आमच्या फुलपाड्यातला गल्लीतला वाणी, ज्याला सून-मुलगा विसरूनच गेले होते. आधी काहीच विकत घेतलं नाही. नुसती फिरले. मोठ्या दुकानात फळीखालच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात किंमत असते, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात किलोमागे किती पडतं ते. ती मुंगी मला दिसेना. मग फोनने फोटो काढायचा आणि दोन बोटांनी मोठा करून वाचायचा. तिथली मुलगी धावत आली.

"आजी, इथे फोटो अलाऊड नाही."

"फोटो कुठे काढते गं? चष्मा घरी राहिला. हा माझा चष्माच."

ती बिचारी बघतच राहिली. चष्मा माझ्या डोक्यावर होता.

त्या मुंगीने मला बरंच काही शिकवलं. एकावर एक फुकट असलेली टूथपेस्ट साध्यापेक्षा बारीक निघाली, दोन मिळून दीडच भरायची. तेलाच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी, अगदी जुळ्या दिसणाऱ्या, पण एकीत पूर्ण लिटर आणि दुसरीत त्याहून कमी, आणि स्वस्त म्हणून आमच्या घरी येत होती ती दुसरी. चहाचं मोठं पाकीट खरंच स्वस्त. तूरडाळ मात्र चकचकीत "महाबचत" पिशवीपेक्षा आमच्या वाण्याकडे सुटी घेतली तर स्वस्त, आणि शिजतेही लवकर. दहा मिनिटांवाल्या दुकानात बटाटे स्वस्त दाखवून घरपोच आणायचे पैसे खाली वेगळे लावलेले. ते सुनेला दाखवले तर म्हणाली, "अय्या, हे मी बघितलंच नव्हतं." मी म्हटलं, "मला तरी कुठे दिसलं? त्याचाही फोटो काढला तेव्हा कळलं."

हायवेच्या दुकानात साबण आणि तांदूळ स्वस्त होते, पण रिक्षा आड येत होती. मग आठवलं, माझा गुडघ्याचा डॉक्टर तिकडेच बसतो. तपासणीच्या दिवशी तिथून सामान घेऊन आले.

"रिक्षाचे धरायचे," सून म्हणाली.

"ती रिक्षा गुडघ्याची. साबण फुकट बसून आला."

पंचाने बराच विचार केला आणि गुडघ्याच्या बाजूने निकाल दिला.

इथवर सगळं छान चाललं होतं, आणि मग ती केळीवाली बाई जागी झाली. स्टेशनच्या वाटेवरच्या दुकानात कपड्याच्या पावडरीच्या भल्यामोठ्या गोणीवर निळी बालदी उपडी घालून ठेवलेली. फुकट! आता ज्यांनी विरारमध्ये पाणी येण्याची वाट बघत वर्षं काढलीत त्यांनाच कळेल की बालदी दिसली की आमच्या जातीच्या बाईचं काय होतं. पाणी तासभर यायचं तेव्हा घरात जितक्या बालद्या तितकी श्रीमंती. आमच्याकडे एके काळी माणसं तीन आणि बालद्या अकरा होत्या, बहुतेक पावडरीवर आलेल्या. त्या पावडरीत मुलाची दहावी झाली तरी ती संपली नव्हती. हे सगळं मला माहीत असून मी ती गोणी उचलली. घरी आले, दारातच मुलगा.

"आई, ही बालदी?"

"फुकट मिळाली."

"आणि ही पावडर? मशीनला चालते?"

मी गोणी फिरवून वाचलं. हाताने धुण्याची. आणि आमच्या मशीनच्या पावडरीपेक्षा किलोमागे चढी. मुंगी बघायचीच राहिली होती. मुलगा बालदी डोक्यावर उपडी घालून हॉलभर नाचला. "अंडाकरी! आई, अंडाकरी!"

रात्रभर मला पापलेटाचा डोळा दिसत होता. सकाळी गोणी, बालदी आणि बिल घेऊन दुकानात गेले. परत घेणाऱ्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आजी, बालदी ठेवा, पावडरच द्या."

तिथे माझी खरी परीक्षा झाली. ती केळीवाली बाई कानात किंचाळत होती, ठेव, ठेव, ठेव! सुनेच्या कायद्यात बालदी फुकट मिळाली तर अडचण नव्हतीच. पण मी म्हटलं, "नको बाबा. ही घरात राहिली तर पुढच्या महिन्यात हिची जोडी आणीन." पैसे परत घेतले. बालदीकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं, एकदाच.

त्यानंतर मात्र मला चेव चढला. आमच्या मजल्यावर चार घरं आणि प्यायच्या पाण्याचे जार देणारी तीन वेगवेगळी माणसं रोज जिने चढत होती. मी चारही घरांची दारं वाजवली, सगळ्यांचा एकच जारवाला ठरवला आणि त्याला म्हटलं, "एकदाच जिना चढ, चौघांचे जार दे, आणि जिन्याचे वाचलेले कष्ट आम्हाला भावात दे." त्याला पटलं. शेजारणींनी मला भजी दिली. ती हिशेबात धरायची नाहीत असं मी पंचाला बजावलं.

शेवटचा गड नेटचा. घरात नेटवाला वेगळा आणि माझ्या मालिकांसाठी केबलवाला वेगळा. एका दुपारी नेटवाल्यांचं बिल वाचताना दिसलं की आमच्या प्लॅनमध्ये माझं चॅनल आधीपासूनच आहे! म्हणजे मी त्याच सासवा-सुना दोनदा पैसे भरून बघत होते. केबल बंद केली. मग हुरूप आला म्हणून नेटवाल्यांना फोन लावला आणि कनेक्शन बंद करा म्हटलं.

"मॅम, कनेक्शन का बंद करायचंय?"

"शेजारच्या बिल्डिंगमध्ये दुसरी कंपनी स्वस्तात देते."

"मॅम, पण आपल्याकडे स्पीड चांगला आहे."

"बाळा, मी सत्तरीची. मला स्पीड घेऊन जायचंय कुठे?"

पलीकडची मुलगी हसली. थांबा म्हणाली, फोनमध्ये बराच वेळ पेटी वाजली. परत आली ती जुन्या ग्राहकांसाठीची खास सवलत घेऊन. स्पीड तोच, पैसे कमी. मी अगदी नाराजीने हो म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच फुगडीचा एक फेर घेतला. गुडघ्याने काही तक्रार केली नाही.

महिना संपला त्या शनिवारी सुनेने मागच्या महिन्याची आणि ह्या महिन्याची बिलं शेजारी शेजारी लावली. मुलगा पाय हलवत बसला होता. तिने मान वर केली. "चार रविवारचं पापलेट सुटलं. आणि वर एका रविवारची कोळंबी."

"परत बघ," मुलगा म्हणाला.

"दोनदा बघितलं. अहो, तुमचा गिझर दिवसभर चालू राहतो तो आईंनी बंद केला असता ना, तर सुरमईसुद्धा आली असती. मी वस्तू आहेत तशाच वापरायच्या म्हटलं होतं, म्हणून त्यांनी हात लावला नाही."

 रविवारी सकाळी मुलगा स्वतः पिशवी घेऊन माझ्याबरोबर खाली आला. गल्लीच्या तोंडाशी अर्नाळ्याची मासळीवाली बसते, माझी जुनी वैरीण आणि मैत्रीण. टोपलीत पापलेटं अशी लखलखत होती की काय सांगू. तिने भाव सांगितला. मी महिनाभर जगाशी भांडून जिंकलेली, मन मोठं झालेलं. म्हटलं, "दे."

तिचा कोयता हवेतच थांबला. "काय गो बाय, बरा नाय का तुला?"

"बरी आहे."

"मग घासाघीस नाय करत? पोराला पुसते. काय रे, आयेला ताप आलाय?" आणि तिने पापलेटाचे कल्ले उघडून पाहिले, आपल्याच मासळीत काही खोट दिसते का म्हणून.

माझ्याने बघवेना. मी पदर खोचला, पापलेट बारीक आहे, काल कोणी घेतलं नाही म्हणून आज आणलंस, असं नेहमीचं सगळं म्हटलं. तीही फुलली. माझ्या नवऱ्याच्या कंजूषपणापासून माझ्या गुडघ्यापर्यंत सगळ्याचा उद्धार केला. भाव उतरला आणि वर मूठभर बोंबील पिशवीत पडले. मुलगा आमच्याकडे बघत उभा होता. "आई, हेही हिशेबात धरायचं?"

"हे पुढच्या महिन्यातलं," मी म्हटलं.

दुपारी पानं वाढली. सुनेला मधली तुकडी, पंच म्हणून. मला मधली तुकडी, मी म्हणून. मुलाने ताट पुढे केलं. त्याला शेपटीकडची वाढली.

"आई!"

"घराचा हप्ता वाढलाय रे. खा मुकाट्याने."