बाहेरच्या बाकावरचे काका

कोलार रोडवरच्या आमच्या शाळेत पालकसभेला ते सगळ्यांच्या आधी हजर असत. मुलगी त्यांची नव्हती, शेजारची होती. तिचे वडील फौजेत, दूर सीमेवर. आई नर्स, तिला सुट्टी मिळत नसे. हे निवृत्त कारकून, मूळचे नागपूरकडचे. मी बोलू लागले की खिशातून छोटी वही काढायचे, पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचे आणि म्हणायचे, "मॅडम, जरा हळू. इतवारला तिच्या पप्पांना फोनवर वाचून दाखवायचं असतं." उठताना हमखास विचारायचे, "बस, इतकंच? कुछ अच्छा भी बोलिए ना."

मला त्यांचा कंटाळा यायचा. मग नियम आला, फक्त आईवडिलांनाच आत घ्यायचं. मी तो त्यांना दारातच ऐकवला, जरा जोरातच. "ठीक आहे मॅडम," म्हणाले आणि सभा संपेपर्यंत वही मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

दिवाळीआधी मुलीचे वडील रजेवर आले, तेव्हा मला मुद्दाम भेटायला आले. हात जोडून म्हणाले, "गेल्या सभेत तुम्ही बोललात ना, की मुलीला एकटं पडू देत नाही, जवळ बसवून घेते म्हणून? काकांनी वहीतून वाचून दाखवलं. तिकडे फार आधार वाटला, मॅडम."

मी "हो" म्हणाले.

त्या सभेला काकांना मी आत घेतलंच नव्हतं. आणि मुलगी तेव्हाही वर्गात शेवटच्या बाकावर एकटीच बसत होती.