धाकट्याला दिलेला टॅब

किल्लीवाल्याचा कुणावरही पटकन विश्वास बसत नसे, आणि त्याला त्याचं भूषण वाटे. चाळीस वर्षं लोकांची दारं उघडून दिल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? लोक भारीतलं कुलूप घेतात आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवतात, हे तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवी. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची सहा फुटांची खोबण. एक किल्ल्या कापायचं मशीन, भिंतभर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि सगळीकडे पितळेचा भुगा. तो भुगा त्याच्या भुवयांतसुद्धा सापडे.

गिऱ्हाईक नसलं की तो टॅब काढून वंशावळ घेऊन बसे. एका संकेतस्थळावर त्याचं खातं होतं आणि गेल्या नऊ वर्षांत त्याने त्यात दोनशे बारा माणसं गोळा केली होती. लांबच्या नातेवाइकांनी तर त्याची धास्तीच घेतली होती. त्याचा नंबर दिसला की फोन उचलायचं ते टाळत, कारण खापरपणजीच्या माहेरचं आडनाव सकाळी सकाळी कुणाला आठवणार? पण हा पठ्ठ्या चिकट. जन्मसाल एका वर्षाने जरी चुकलं तरी त्याला चैन पडत नसे.

आणि वंशावळीच्या या एवढ्या काटेकोर झाडात एक नोंद धडधडीत खोटी होती. ती होती धाकट्याची. धाकटा म्हणजे त्याचा अठ्ठेचाळीस वर्षांचा भाऊ, घरं रंगवण्याचं काम करणारा, गप्पिष्ट, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. झाडात त्याच्या डोक्यावर आई-वडिलांची चौकट होती. खरी आई मात्र शेजारच्या चौकटीत होती, बहीण म्हणून. ती ताई. किल्लीवाल्याहून पाच वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही, आणि किल्लीवाल्याची बायको वारल्यापासून ती त्याच्याकडेच राहत होती.

हे जिवंत माणसांत आता दोघांनाच ठाऊक होतं. ताईने त्याच्याकडून वचन घेतलं होतं. "तो मला ताई म्हणतो, आठवड्याला येतो, माझ्या हातचं जेवतो. तेवढं मला पुरे आहे," ती म्हणाली होती. "ते माझ्या हातून जाऊ देऊ नकोस." त्याने दिलं वचन. पण खोटी नोंद रोज डोळ्यांपुढे, ती त्याला दातात अडकलेल्या काडीसारखी छळायची. शेवटी त्याने पळवाट काढली. सांगायचं नाही असं वचन दिलं होतं, लिहायचं नाही असं कुठे दिलं होतं? खात्यात खाजगी टिपेची सोय होती, खातेदाराशिवाय ती कुणाला दिसत नसे. तिथे त्याने चार ओळी लिहिल्या. धाकटा ताईचा मुलगा. ताई तेव्हा अठरा वर्षांची. बाळ अकरा दिवसांचं असताना आईने तिला मावशीकडे पाठवलं. त्या अकरा दिवसांतही लळा लागेल म्हणून तिला बाळाला हात लावू दिला नाही. हे त्याने तेराव्या वर्षी दाराआडून स्वतः पाहिलं होतं. लिहून झालं आणि त्याला हलकं वाटलं. कुलूप पक्कं होतं ना!

मग जुन्या टॅबवरची अक्षरं दिसेनाशी झाली म्हणून त्याने मोठा टॅब घेतला. नव्यावर खातं उघडायचा सोहळा त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढून केला. पासवर्ड अठरा अक्षरांचा, कुठेही न लिहिलेला. त्यानंतर कोड. हा कोड फोनवर नको, लोक फोन नंबर चोरतात, असं म्हणून त्याने तो फक्त टॅबवर यावा अशी व्यवस्था केव्हाच करून ठेवली होती. त्यामुळे जुना टॅब शेजारी ठेवून त्यावरचा कोड बघून त्याने नव्यावर टाकला. झाड उघडलं. आपल्यासारखा सावध माणूस पंचक्रोशीत नसेल, अशा समाधानाने त्याने चहा मागवला.

संध्याकाळी धाकटा आला. त्याचा फोन रंगाच्या डब्यात पडून पडद्यावर कायमचा हिरवा डाग उमटला होता. फोन लागायचा, पण गिऱ्हाइकांना रंग दाखवायची पंचाईत झाली होती. "हा घे," किल्लीवाला म्हणाला आणि त्याने जुना टॅब दिला. देण्याआधी फोटो काढून टाकले, काच पुसली. खात्यातून बाहेर पडायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही, कारण त्याच्या धंद्यात नवं कुलूप बसवलं की जुनी किल्ली मेली. ते वेगळं मारावं लागत नाही. इकडे खातं उघडलं म्हणजे तिकडचं बंद झालं, असं त्याने गृहीतच धरलं.

पाचव्या दिवशी दुपारी नव्या टॅबवर मेल आला. "आपले खाते आज अकरा वाजून चाळीस मिनिटांनी दुसऱ्या उपकरणावर उघडले गेले. हे आपणच असाल तर काहीही करण्याची गरज नाही."

त्याने घड्याळ पाहिलं. बारा वाजून गेले होते. त्याने उपकरणांची यादी उघडली. दोन नावं. हा टॅब, आणि जुना टॅब. जुन्यापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे आत्ता, या क्षणी, खातं तिथे चालू होतं.

त्याने "काढून टाका" दाबलं. कोड मागितला. मग टीपच पुसू म्हणून तो टिपेकडे धावला. तिथेही कोड. कोड कुठे पाठवला? विश्वासू उपकरणावर. आणि नव्या उपकरणाला पहिले सात दिवस विश्वासू धरत नाहीत, सुरक्षेसाठी. म्हणजे कोड जुन्या टॅबवर, धाकट्याच्या हातात. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा. पाच वेळा दाबलं, जसं काही सहाव्यांदा त्याची दया येऊन ते आपोआप सुटणार होतं. मदतीसाठी लिहिलं तर ठरलेलं उत्तर आलं, की अठ्ठेचाळीस तासांत संपर्क करू.

धाकट्याला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा इमारतीच्या परांचीवर असणार. काय सांगणार होता त्याला तरी? उघडू नकोस? बघितलं असलंस तर विसरून जा?

तेवढ्यात एक बाई धावत आली. "काका, दार ओढलं गेलं! किल्ली आत, आणि गॅसवर दूध!"

नाही कसं म्हणणार? त्याने पिशवी उचलली आणि तो तिच्या मागोमाग निघाला. तिसरा मजला, लाकडी दार, साधं लॅच. डोळे मिटून उघडावं असं. तो गुडघ्यांवर बसला, एका हाताने ताणाची पट्टी धरली, दुसऱ्याने हूक आत घातला आणि हूक घसरला. लक्ष खिशातल्या फोनकडे होतं. पुन्हा घसरला. दाराखालून करपल्याचा वास येऊ लागला.

"काका, नेहमी तुम्ही दोन मिनिटांत उघडता म्हणे," बाई काकुळतीला येऊन म्हणाली.

"उघडतो, मॅडम, उघडतो."

खिशातला फोन वाजला. धाकटा. त्याने हूक तसाच कुलपात सोडला आणि फोन कानाला लावला.

"दादा, फोन केला होतास? वर होतो, ऐकू नाही आला. आणि हे बघ, तुझ्या टॅबवर कोड आलेत. पाच-सहा. एकामागोमाग एक. तुझेच ना?"

आवाज नेहमीचा होता. किल्लीवाल्याने श्वास सोडला. काही पाहिलेलं नाही याने! पाहिलं असतं तर असा बोलला असता का?

"माझेच. शेवटचा सांग. सांग पटकन."

"कुणाला सांगू नका असं लिहिलंय बघ इथे," धाकटा म्हणाला. "तुला चालेल ना?"

"अरे सांग ना!"

धाकट्याने सहा आकडे सावकाश सांगितले, दोनदा सांगितले. किल्लीवाल्याने ते खिशातल्या पेनने तळहातावर लिहून घेतले. टॅब दुकानात होता. आता फक्त खाली जायचं, आकडे टाकायचे आणि सगळं बंद करायचं. ताईला काही कळायचं कारण नव्हतं. त्याने एका हातानेच पट्टीवर जोर दिला, हूक फिरवला आणि या वेळी लॅच टक्कन सुटलं. बाई त्याला ओलांडून आत धावली. स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आणि नळ सोडल्याचा आवाज आला.

"झालं," तो फोनवर म्हणाला. "ठेव आता. संध्याकाळी ये, ताई वाट बघतेय."

धाकट्याने फोन ठेवला नाही. मागे कुणीतरी बादली ओढत नेली. कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने ओ दिली नाही.

"दादा."

"काय रे?"

"एक विचारू? मी लहान असताना," धाकटा थांबला. "अगदी लहान. ताई मला घ्यायची का रे?"

किल्लीवाला दाराशी तसाच बसून राहिला. तळहातावरचे आकडे घामाने फुटायला लागले होते. आतून धूर बाहेर येत होता आणि बाई खोकत खिडक्या उघडत होती. त्याला ताईचा चेहरा दिसला, आत्ताचा, संध्याकाळसाठी ताटं मांडताना दोनदा मोजणारा. तिला काय सांगायचं? याला काय सांगायचं? आयुष्यभरात इतकं असहाय त्याला कधी वाटलं नव्हतं.

"घ्यायची की," तो म्हणाला. "रोज घ्यायची. खाली ठेवायची नाही तुला."

"पण दादा," धाकटा म्हणाला, "तू तसं लिहिलेलं नाहीस."