सूर्यभानचा रिकामा कॅमेरा

करमाडात रंगीत रोल नुकते येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. सूर्यभानने वडिलांची मेंढरं भावाच्या गळ्यात मारली आणि बाजारात फोटोचं दुकान टाकलं. इंग्रजी शब्द त्याला एकच येत होता, 'एक्सपोज', आणि त्या एकावर गडी तरून जात होता. लग्नात सगळं वऱ्हाड फोटोला उभं राही आणि रोल तर महाग. मग हा पठ्ठ्या रोल संपला तरी नुसता फ्लॅश उडवत राही. पुढं कुणी फोटो मागायला आलंच, तर तोंड पाडून म्हणे, "एक्सपोज झाला." लोकही सुतक कळल्यासारखे हळहळत परत जात.

बानाबाईच्या लेकीच्या लग्नातही त्याने तेच केलं. मेंढरांमागं जन्म गेलेली बानाबाई पहिल्यांदाच फोटोला बसली होती. लेकीला सासरी आईचा फोटो हवा होता. दोन-तीन हेलपाटे झाल्यावर बानाबाईनं विचारलं, "एक्सपोज म्हंजी काय रं?"

"उजेड शिरतो मावशी आत. मंग फोटो जळून जातो."

बानाबाई विचार करत गेली. पुढच्या बाजारी आली ती गळा मोकळा, हात मोकळे, अंगावर विटकं लुगडं.

"सरी, गोठ समदं घरी ठिवलं," ती म्हणाली. "लग्नात घासूनपुसून घातलं व्हतं, लई चमकत व्हतं. माझ्यापायीच तुझा रोल जळला. आता काढ."

सूर्यभानने कॅमेरा उचलला आणि परत खाली ठेवला. गुपचूप फोटो काढला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण लेकीच्या भिंतीवर ही माउली जन्मभर लंकेची पार्वती होऊन राहिली असती, आणि तीही त्याच्या थापेमुळं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, रोल जळला नाय," तो म्हणाला. "कॅमेऱ्यात रोलच नव्हता."

दुकानातली गिऱ्हाइकं चपापली. "म्हंजी आमच्या बारशाचा बी?" मागून एकाने विचारलं. सूर्यभानने मान खाली घातली.

बानाबाई वळली. तडक घरी गेली, सरी-गोठ चढवून आली आणि स्टुलावर बसली.

"जरा हास की मावशी."

"तू गप काढ."

एक प्रत लेकीला गेली, दुसरी सूर्यभानने दुकानात लावली. तिच्यात बानाबाई डोळे वटारून समोर बघते. गिऱ्हाइकं म्हणत, बाई अगदी जिवंत बसल्यासारखी वाटते. सूर्यभानलाही तसंच वाटे, म्हणून तिच्यासमोर त्याला पुन्हा कधी थाप मारवली नाही.