स्क्रूवरचा लाल ठिपका

दसऱ्याला पंधरा दिवस असताना गंगाखेडचे एक मिठाईवाले शेठ परभणीला माझ्या दुकानात आले. टेम्पोतून उतरवलेलं बिलाचं मशीन त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, भंगारात याचे किती येतील तेवढं सांगा. भाऊ असते तर दुरुस्तच करून घेतलं असतं. लय हात होता त्यांचा."

भाऊ म्हणजे माझा नवरा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या हाताची आठवण येते. त्या वाक्याचा मला वीट आला होता.

मशीन म्हणजे इलेक्ट्रॉनिक कॅश रजिस्टर. वर आकड्यांची बटणं, आत कागदाचा रोल, आणि बिल छापलं की खटकन् पुढं येणारा गल्ला. जुन्या मशीनची किंमत करायची तर लोक आधी ते चालू करून बघतात. मी आधी ते उलटं करते आणि हलवते. शेठचं मशीन हलवलं तर त्यातून तांदूळ पडले. लाल झालेले, दहा-बारा दाणे. शेठ म्हणाले, "अक्षता हायेत त्या. दर वर्षी पूजा करतो आमी याची."

मग मी खालचे चार स्क्रू काढायला घेतले आणि पहिल्यालाच हात थांबला. स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका होता. विटलेला, अर्धा घासून गेलेला, पण माझा.

दुरुस्ती झाली की स्क्रूवर रंगाचा थेंब टाकतात. स्क्रू ढिला होत नाही आणि मध्ये दुसऱ्या कुणी उघडलं तर कळतं. त्यासाठी वेगळा रंग मिळतो, पण मी माझं नेलपॉलिश वापरायचे. लग्नानंतर थोड्या वर्षांत यांच्या डोळ्यांवर साखरेचा परिणाम झाला, सोल्डरिंगचा बारीक टाका दिसेना. तेव्हापासून दुरुस्तीचे बोर्ड माझ्याकडे आले. दुकानाच्या मागच्या भागात पडदा होता, पडद्यामागं टेबल, टेबलावर भिंग आणि मी. पुढं गिऱ्हाईक यांच्याशी बोलायचं, हे "संध्याकाळी या" म्हणायचे, आणि संध्याकाळी वस्तू चालू असायची. त्यांनी कुणाला खोटं सांगितलं नाही. लोकांनी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही, एवढंच. मीही पडद्याबाहेर आले नाही. याचा मला आज राग येतो. त्यांचा येतो आणि माझाही येतो. त्यांच्या आठवणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी तो राग काही जात नाही.

हे मी तेव्हा बोलले असते तर शेठना वाटलं असतं, नवरा गेल्यावर बाई काहीही सांगायला लागली. मी स्क्रू काढून आत बघितलं आणि भाव सांगितला. "दुरुस्तीचे दीड हजार होतील. करायचं नसंल तर मला विका, भंगारवाला चारशे देईल, मी सातशे देते. पण आत्ताच सांगते शेठ, चालू केल्यावर मी हे साडेपाच हजाराला विकणार."

शेठ मनापासून हसले. "वहिनी, पोरानं टच स्क्रीन बसवलाय दुकानात. ह्या डबड्याला साडेपाच हजार कोण देईल?" सातशे घेतले, चहा घेतला आणि गेले.

माझा दीर तिथंच खुर्चीवर होता. दुकानाचा गाळा निम्मा त्याच्या नावावर आहे, आणि तो मोबाईल कव्हरवाल्याला भाड्यानं द्यावा असं त्याला दोन वर्षांपासून वाटतंय. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त मी थकले आहे असं वाटतं, आणि मी नाही म्हटलं की ते त्याला जास्तच वाटतं.

"वहिनी, हौस झाली असंल तर बास करा आता," तो म्हणाला. "हे डबडं दसऱ्यापर्यंत साडेपाच हजाराला गेलं तर मी पुन्हा विषय काढणार न्हाई. न्हाई गेलं तर दुकानाची किल्ली माझ्याकडं द्यायची."

मी हो म्हणाले. चिडून म्हणाले, पण म्हणाले.

मशीन पूजेनं मेलं होतं. लक्ष्मीपूजन आणि खंडेनवमी मिळून वर्षातून दोनदा त्याच्या बटणांवर हळदकुंकू वाहिलेलं, वर अक्षता, आणि शेजारी नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलेलं. कुंकू पाचच्या आणि टोटलच्या बटणाखाली जाऊन बसलं होतं. नारळाचं पाणी छपाईच्या दांडीवर वाळून चिकट झालं होतं. गल्ल्याच्या चाकाखाली अक्षता अडकल्यामुळं गल्ला उघडत नव्हता. आमच्याकडे जी वस्तू कमावून देते तिला आधी ओलं करतात. एक दोष मात्र पूजेचा नव्हता. आतली बॅटरी फुटून बोर्डावर हिरवा गंज पसरला होता आणि तांब्याच्या दोन रेघा त्यानं खाऊन टाकल्या होत्या.

तीन दुपारी गेल्या. स्पिरिट लावून ब्रशनं एकेक बटण साफ केलं. खाल्लेल्या रेघांच्या जागी जुन्या इअरफोनच्या वायरमधली केसाएवढी तार टाकून टाके मारले. नवी बॅटरी बसवली, शाईच्या रोलरला शिक्क्याची शाई पाजली. चौथ्या दिवशी चालू केलं तेव्हा मशीनच्या पडद्यावर सगळीकडे आठ-आठ उमटले, म्हणजे आकड्यांची एकही काडी मेलेली नव्हती. टोटल दाबलं तर गल्ला खटकन् बाहेर येऊन माझ्या पोटाला लागला. लागलं, पण बरं वाटलं.

राहिले स्क्रू. हे गेले तेव्हा घरातल्या बायकांनी माझ्या बांगड्यांबरोबर नेलपॉलिशची बाटलीही उचलून नेली होती. त्यानंतर सहा वर्षं माझे सगळे स्क्रू कोरेच होते. मी बांगड्यांच्या दुकानात गेले आणि लाल मागितलं. दुकानातल्या बाईनं आधी माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं. "कुणाला पाहिजे?" "मशीनला," मी म्हणाले. तिला काय समजायचं ते समजू दे.

चार ठिपके दिले आणि मशीन काउंटरवर मांडलं. पिंगळीच्या एका खानावळवाल्यानं तीन हजारांना मागितलं, आणि दोन दिवसांनी पुन्हा येऊन साडेतीन म्हणाला. दीर म्हणाला, "द्या की वहिनी, भंगारापेक्षा किती झाले." मी दिलं नाही. माझा भाव मशीनच्या आतलं बघून ठरला होता, आणि आत काय आहे ते परभणीत माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पण खरं सांगते, खंडेनवमीला मी पाटावर सोल्डरिंगची बंदूक, मीटर आणि चिमटे मांडून पूजा केली तेव्हा मनातून घाबरले होते. उद्या या वेळी ही हत्यारं कुठं ठेवायची, हाच विचार चालू होता.

दसऱ्याला सकाळी दहाला दीर आला. मीच किल्ली काढून काउंटरवर ठेवली, आमच्या दोघांच्या मधोमध. संध्याकाळपर्यंत वेळ आहे, असं म्हणाले.

अकराच्या सुमाराला दारात जीप थांबली आणि शेठ उतरले. अंगावरचा सदरा घामानं भिजलेला.

"वहिनी, आमचं मशीन हाय का अजून? काल टच स्क्रीनची पूजा केली, नारळ फोडला, तवापासून ते बंद पडलंय. पोरगं नांदेडला घेऊन गेलंय. दुकानात जिलेबीला गर्दी उसळलीय आन् मी कागदावर बेरजा करायलोय." त्यांनी खिशात हात घातला. "हे तुमचे सातशे, आन् दुरुस्तीचे दीड हजार वर घ्या."

"साडेपाच हजार," मी म्हणाले.

"माझंच मशीन मला?"

"विकलं होतं तुमी. भाव तवाच सांगितला होता."

शेठचा चेहरा पडला. "भाऊ असते तर असं केलं नसतं."

मी मशीन आडवं केलं. "हे ठिपके बघा शेठ. नवे हायेत. उघडलं तवा यांच्या जागी जुने होते, ते बी माझेच. मागच्या वेळी तुमचं मशीन मी दुरुस्त केलं होतं. त्याच्या आधीचा तुमचा वजनकाटा बी मीच. पडद्यामागं मी बसायचे."

शेठनी एका ठिपक्यावरून बोट फिरवलं. "मग भाऊ काय करायचे?"

"तुमच्यासंगं चहा प्यायचे."

त्यांना ते खरं वाटलं नाही, दिसतच होतं. त्यांनी माझ्या दिराकडं बघितलं. मीही बघितलं. पडद्यामागं मला चहा आणून देणारा तोच होता, कितीतरी वर्षं. तो गप्प बसला असता तर शेठ दोन हजार दोनशेच्या वर गेले नसते आणि किल्ली त्याची झाली असती.

"वहिनीच करायच्या," दीर खाली बघत म्हणाला. "दादाला दिसत नव्हतं."

शेठनी पैसे मोजून ठेवले, साडेपाच हजार. कालच्या पूजेचं तबक तिथंच होतं. सवयीनं त्यांनी त्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि बोट बटणांकडं नेलं. मी दोन्ही तळहात बटणांवर ठेवले.

"याला कुंकू मी लावलंय," मी म्हणाले आणि ठिपक्यांकडं बोट दाखवलं. "दुसरं लावायचं न्हाई. नारळ फोडायचा तर दुकानाच्या उंबऱ्यावर फोडा."

शेठनी माझ्या कपाळाकडं बघितलं. सणाचा दिवस, आणि त्यांच्या गल्ल्याला कुणाच्या हातचं कुंकू लागलंय, हे त्यांच्या मनात आलं असणार. मग बोटावरचं कुंकू त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावलं, मशीन छातीशी धरलं आणि जीपकडे गेले.

दिरानं किल्ली माझ्याकडं सरकवली आणि चहा सांगायला बाहेर गेला. बाटलीत नेलपॉलिश बरंच उरलं होतं. तो परत येईपर्यंत मी दहाही नखांना लावलं, आणि वाळेपर्यंत हात काउंटरवर पसरून पुढंच बसून राहिले.